चेहरा आपला, लेखणी कोणाची?

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, सहा खुर्च्या आणि कुरकुरणारा एक पंखा. गेल्या महिन्यात तिथे मोठं भांडण झालं, तेही स्पायडर-मॅनवरून. अकरावीतल्या दोन पोरांचं म्हणणं असं, की काळा स्पायडर-मॅन खरा नाही. खरा पीटर पार्कर. मायल्स मोरालेस मागाहून घुसवलेला. तिसरा पोरगा, जो सदोदित वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढत असतो, तो उसळून म्हणाला, "मग आपण तरी कुठे खरे आहोत? कॉलेजात आपल्यालाही घुसवलेलेच म्हणतात ना?"

आम्ही हे भांडण हसण्यावारी नेणार होतो. ते वाक्य ऐकल्यावर ते जमलं नाही.

चळवळीतले काही ज्येष्ठ सहकारी विचारतील, रोज अत्याचाराच्या बातम्या येताहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत आणि तुम्ही अमेरिकेतल्या कॉमिक्सवर काय लिहिता? राग रास्त आहे. पण जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्या देशातल्या काळ्या माणसांच्या लढ्याकडे बघण्याची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे. शिवाय आपली पोरं ज्या गोष्टींत तासन्‌तास जगतात, त्या गोष्टी कोण लिहितो हे विचारणं आपलं काम नाही तर कोणाचं?

कॉमिक्सच्या चाहत्यांमध्ये 'कॅनन' हा शब्द फार चालतो. मुळात हा चर्चचा शब्द. कोणते ग्रंथ प्रमाण आणि कोणते नाहीत, याची धर्मसत्तेने ठरवलेली यादी म्हणजे कॅनन. चाहत्यांनी तो उचलला आणि कोणती कथा प्रमाण, कोणती नाही, यावर भांडू लागले. नवा सिनेमा आला, एखाद्या पात्राचा रंग बदलला, एखादी बाई नायक झाली, की "हे कॅननमध्ये नाही" अशी ओरड होते. आपल्याला हा सूर ओळखीचा आहे. मूळ ग्रंथात असं नाही, हा श्लोक प्रक्षिप्त आहे, परंपरेत असं कधी नव्हतं. पोथी बदलली तरी पोथीवाल्यांचा आवाज तोच.

गंमत म्हणजे मूळ-मूळ म्हणून ओरडणाऱ्यांना बऱ्याचदा मूळच ठाऊक नसतं. सुपरमॅन घ्या. क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन ज्यू तरुणांनी तो घडवला आणि हक्क १३० डॉलरला विकून टाकले. १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो आला, तेव्हा त्याला उडताच येत नव्हतं. तो लांब उड्या मारायचा. ज्याने तो हतबल होतो ते क्रिप्टोनाइट १९४३ साली रेडिओ मालिकेतून आलं. म्हणजे आज जे छातीशी धरलं जातं, त्यातलं बरंचसं रूपांतरांनीच घातलेलं आहे. त्या पहिल्या अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चोपतो, भ्रष्ट राजकारण्याच्या मागे लागतो. १९४६ साली रेडिओवर तो कू क्लक्स क्लॅनच्या धर्तीवरच्या एका टोळीशी लढला, कारण ती टोळी एका चिनी कुटुंबाच्या जिवावर उठली होती. २०१९ मध्ये जीन लुएन यांग या चिनी वंशाच्या अमेरिकी लेखकाने त्याच कथेवरून नवं कॉमिक लिहिलं. आणि २०२५ च्या सिनेमाच्या वेळी दिग्दर्शक जेम्स गन यांनी ही स्थलांतरिताची गोष्ट आहे एवढं म्हटलं, तर सुपरमॅनमध्ये राजकारण घुसवलं म्हणून गदारोळ! ग्रह फुटला म्हणून आईबापांनी परक्या भूमीकडे धाडलेलं पोर, ही स्थलांतरिताची गोष्ट नसेल तर काय आहे?

२०११ च्या 'थॉर' सिनेमात हाइमडाल या देवाची भूमिका इद्रिस एल्बा या काळ्या नटाने केली, तेव्हा अमेरिकेतल्या एका गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने बहिष्काराची हाक दिली होती. इंद्रधनुष्याच्या पुलावर पहारा करणारा देव त्यांना चालतो. त्याचा रंग मात्र पोथीबाहेरचा वाटतो.

आता मायल्सकडे येऊ. २०११ साली मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये तो आला. बाप काळा, आई प्वेर्तो रिकोची, मुलगा ब्रुकलिनचा. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशनपटाने तर कॅननचा वादच कथेच्या मध्यभागी आणून ठेवला. त्यात अनेक विश्वांतले स्पायडर-मॅन एकत्र येतात. त्यांचा म्होरक्या मिगेल मायल्सला सांगतो, की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना ठरलेल्याच असतात. जवळचा पोलीस अधिकारी मरणार, हे त्यातलंच एक. मायल्सचा बाप पोलिसात आहे आणि त्याची बढती होऊ घातली आहे. तर बाप मरू दे, नाहीतर विश्व कोसळेल. वर मायल्सला असंही ऐकवतात, की तुला चावलेला कोळी दुसऱ्या विश्वातला होता. तू स्पायडर-मॅन व्हायचाच नव्हतास, तू चूक आहेस.

हे आम्ही पोरांबरोबर अभ्यासिकेतल्या जुन्या लॅपटॉपवर पाहिलं. तू इथे असायलाच नको होतास, तुझ्या घरात जे दुःख आहे ते ठरलेलं आहे, ते मोडलंस तर सगळी व्यवस्था ढासळेल. याला आपल्याकडे काय म्हणतात, हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मायल्स ऐकत नाही, पळतो, आणि सगळे स्पायडर-मॅन त्याच्या मागे लागतात. तेव्हा पीटर पार्करची बाजू घेणारी ती दोन पोरंही ओरडत होती, पळ म्हणून.

त्याच सिनेमात 'मुंबॅटन' आहे, मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं शहर, आणि त्यात भारतीय स्पायडर-मॅन, पवित्र प्रभाकर. पोरं खूश झाली. आम्ही मात्र त्याच्या नावापाशी अडलो. पवित्र! १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतल्यावर ते तळं शेण आणि गोमूत्राचे घडे ओतून 'पवित्र' करण्यात आलं होतं. त्या शब्दाचा वास आमच्या नाकातून जात नाही, त्याला इलाज नाही. बरं, नाव सोडा. पवित्र २००४ साली कॉमिक्समध्ये आला तेव्हा त्याला शक्ती कोणी दिली? एका प्राचीन योग्याने. अमेरिकेत कोळी चावतो आणि चावताना जात, वंश, घराणं विचारत नाही. क्वीन्समधला गरीब घरचा पीटर असो की ब्रुकलिनचा मायल्स, मुखवट्याआड कोणीही असू शकतो, हाच त्या गोष्टीचा जीव. भारतात आणताना नेमका तो अपघात काढला आणि तिथे योगी बसवला. म्हणजे निवड आली, पात्रता आली, देणारा हात आला. पवित्रला घडवणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असं आम्ही म्हणत नाही. 'भारतीय' म्हटलं की योगी आणि राक्षस आपोआप हाताशी येतात, आणि ते आपोआप येणं हीच आमची तक्रार आहे. धारावीतल्या एखाद्या चामड्याच्या कारखान्यात तो कोळी कोणाला तरी चावला असता, तर?

इथे कोणी विचारेल, की तुम्ही आंबेडकरवादी माणसं मूळ कथा बदलायच्या बाजूने बोलता, ते कशाच्या आधारावर? बाबासाहेबांच्याच. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढून बघा. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तो प्रसिद्ध झाला. परंपरा सांगते, सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिलं आणि गृहत्याग केला. बाबासाहेब प्रस्तावनेतच ही कथा बुद्धीला पटत नाही म्हणतात. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसाने म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहिलाच नाही, हे शक्य तरी आहे का? मग ते शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणतात. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, संघाचा रोष ओढवून घेतो आणि घर सोडतो. पाण्यावरून भांडण! महाडच्या माणसाने लिहिलेला बुद्ध दुसऱ्या कुठल्या कारणाने घर सोडेल? चार आर्यसत्यं मूळची की मागाहून घातलेली, असाही प्रश्न त्यांनी उभा केला. परंपरावादी बौद्धांपैकी काहींना ते रुचलं नाही. कॅनन मोडलं, हीच त्यांचीही तक्रार होती. बाबासाहेबांनी ग्रंथाला विवेकाची कसोटी लावली, आणि तसं करायला बुद्धानेच सांगितलंय हेही दाखवून दिलं.

तर कॅननवाल्यांशी आमचं भांडण स्पष्ट आहे. पण जे नुसता चेहरा बदलला की टाळ्या वाजवतात, त्यांच्याशीही आमचं पटत नाही. 'प्रतिनिधित्व' हा शब्द कॉमिक्सच्या चर्चेत फार स्वस्त झाला आहे. आपल्यासाठी तो स्वस्त नाही. १९३२ च्या पुणे करारात जागा वाढल्या, १४८ झाल्या. पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघात गेली. माणूस आपला, निवडून देणारे बहुसंख्य दुसरे. मग तो उत्तर कोणाला देणार? बाबासाहेब पुढे आयुष्यभर हाच प्रश्न विचारत राहिले. पडद्यावरचा काळा किंवा दलित चेहरा बघताना आमच्या मनात तोच प्रश्न येतो.

ब्लॅक पँथरची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. १९६६ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोन गोऱ्या माणसांनी टि'चाला हा आफ्रिकी राजा निर्माण केला. त्याच वर्षी, काही महिन्यांनी, ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. दोघांचा संबंध नव्हता, पण नाव सारखं. पक्षावर सरकारचा वरवंटा फिरू लागल्यावर कंपनीला ते नाव अडचणीचं झालं. १९७२ साली 'फँटॅस्टिक फोर'च्या एका अंकात टि'चालाने स्वतःला 'ब्लॅक लेपर्ड' म्हणवून घेतलं. आणि १९७२ हेच आपल्या दलित पँथरचं साल. एका प्रकाशकाला जे नाव जड झालं, ते त्याच वर्षी मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांतल्या पोरांनी अंगावर घेतलं. चेहरा आपला असला आणि मालक दुसरा असला, की काय होतं याचं याहून नेमकं उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. नाव पुढे परत आलं, पण तेही कंपनीच्या सोयीनेच.

१९९८ साली ही मालिका क्रिस्टोफर प्रीस्ट या काळ्या लेखकाकडे आली. राजाच्या रक्षक स्त्रिया, डोरा मिलाजे, त्याच्या लेखणीतून आल्या. २०१८ च्या सिनेमात ज्या भालाधारी बायका पाहून आपल्या पोरी शिट्ट्या मारत होत्या, त्या याच. आज कोणाला विचारलं तर त्याही 'कॅनन' आहेत.

त्याआधी १९९३ साली ड्वेन मॅकडफी आणि त्याच्या काळ्या सहकाऱ्यांनी माइलस्टोन ही कंपनी काढली. छपाई आणि वितरण डीसीचं, पात्रांची मालकी मात्र यांची. पुढे बाजार बसला आणि माइलस्टोनची कॉमिक्स काही वर्षांत बंद पडली, पण त्यांचा 'स्टॅटिक' टीव्हीवर गाजला. मालकी आणि लेखणी दोन्ही हातात घेण्याचा हा प्रयत्न होता, आणि आम्हाला तो ऑस्करपेक्षा मोठा वाटतो.

मग लेखक त्याच जातीचा, त्याच वंशाचा असायलाच हवा का? एवढं सोपं आम्हीही समजत नाही. मायल्सला पहिल्यांदा लिहिणारा लेखक गोराच. जब्बार पटेलांच्या सिनेमात बाबासाहेब उभे केले ते मामुट्टी या मल्याळी मुसलमान नटाने, आणि आपल्या बायाबापड्यांनी पडद्याला हात जोडले. जन्माचा दाखला बघून आपण कोणाला नाकारलेलं नाही. प्रश्न जबाबदारीचा आहे. चुकलं तर आपण जाब विचारू शकतो का, आणि तो ऐकला जातो का?

आपल्याकडच्या कॉमिक्सचा हिशोब थोडक्यात मांडतो. १९६७ पासून 'अमर चित्रकथा' घराघरांत गेली. देव, राजे, ऋषी यांच्या गर्दीत १९७९ साली बाबासाहेबांचा एक अंक आला. २०११ ला 'भीमायन' आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चौकटींच्या तुरुंगात माणसं कोंडायला नकार दिला; जातीचं विष ओकणाऱ्यांच्या बोलण्याला विंचवाची नांगी लावली आणि सोसणाऱ्यांचे शब्द पाखरासारखे काढले. चित्र बघून अंगावर काटा येतो. पण संहिता आणि प्रकाशन आपल्या हातात नव्हतं, आणि मुख्य म्हणजे ते पुस्तक आमच्या वस्तीतल्या किती पोरांनी पाहिलं? आम्ही विचारलं, एकानेही नाही.

आता त्या चित्रं काढणाऱ्या पोराचं सांगून थांबतो. त्याने महाडवर सोळा पानांचं कॉमिक काढायला घेतलंय. सांगणारी आहे दहा वर्षांची एक मुलगी, आईबरोबर परिषदेला आलेली. आमच्या विहारातल्या गुरुजींनी पानं चाळली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाळा, इतिहासात अशी कुठली मुलगी नोंदलेली नाही." आम्हीही मान डोलावली. म्हणजे कॅनन-कॅनन म्हणून ओरडणारे आम्हीच!

पोराने शांतपणे खंड उघडला. तारीख २० मार्च, तीच. परिषदेहून परतणाऱ्यांवर झालेला हल्ला, तोच. देवळात घुसणार अशी उठवलेली अफवा, तीच. "यातलं काही बदललं नाही, गुरुजी. घडलेलं बदलायचं नसतं. पण तिथल्या सगळ्या पोरींची नावं कोणी लिहून ठेवली होती?"

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, मुलीचं नाव काय ठेवलंयस. नाव अजून ठरलेलं नाही. नऊ पानं झालीत. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आमच्या स्टॉलवर ते ठेवायचं आहे, आणि छपाईचा खर्च वर्गणीतून काढायचा असं ठरलं आहे. पहिली वर्गणी गुरुजींनी दिली, पण पाण्याच्या पानावर ओंजळ नीट काढ असं बजावून.