शाळा समितीची ‘निवड’ कोण करतो?

शिक्षणावरील सत्तेचा प्रश्न म्हणजे केवळ दिल्लीचे धोरण आणि राज्याचे अंदाजपत्रक, असे मानण्याची सवय आपल्या चळवळीला जडली आहे. त्या आघाड्यांवरील लढा अपरिहार्य आहे, यात शंका नाही. परंतु जेथे कायद्याने कष्टकरी पालकाला थेट स्थान दिले आहे, त्या शाळा व्यवस्थापन समितीकडे आपल्या शाखांचे लक्ष क्वचितच जाते. मोकळी सोडलेली जागा मोकळी राहत नाही. गावातील धनदांडगे ती भरून काढतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे एकविसावे कलम या दृष्टीने बारकाईने वाचले पाहिजे. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळावे, असे हे कलम सांगते. तरतूद पुरोगामी आहे. परंतु याच कलमात ‘निवडून आलेले’ हे विशेषण केवळ स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधींना लागते, पालकांना नव्हे. समिती स्थापन करावयाची ती ‘शाळेने’. पालक सदस्य कोणत्या रीतीने ठरावेत, हे मूळ कलमात नाही; ते राज्यांच्या नियमांवर सोडले गेले. महाराष्ट्रात २०१० च्या शासननिर्णयाने पालक सदस्य पालकसभेतून निवडावयाचे ठरले. पण आपल्या भाषेत ‘निवड’ हा शब्द दुतोंडी आहे: मतदानानेही निवड होते आणि एखाद्याच्या मर्जीनेही होते. नोकरशाहीला दुसरा अर्थ सोयीचा असतो.

प्रत्यक्षात काय घडते, हे खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या कॉम्रेडांना सांगावयास नको. सभा भरते ती कामाच्या दिवशी, भर दुपारी. शेतमजूर रानात असतो, बांधकाम मजूर नाक्यावर. उपस्थित पाचपन्नासांपुढे तयार यादी वाचली जाते, ‘सर्वानुमते’ हा शब्द इतिवृत्तात चढतो आणि सह्या व अंगठे मागाहून गोळा होतात. स्त्रियांची संख्या कागदावर पुरी भरते. बैठकीला मात्र त्यांचे पतिराज येतात. हे नामनिर्देशनच होय. त्याला फक्त निवडणुकीचा अंगरखा चढविलेला असतो.

स्थानिक सत्ता आपोआप लोकसत्ता होत नाही, हे महात्मा फुल्यांनी फार पूर्वी ओळखले होते. ते स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे शासननियुक्त सभासद होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी नगरपालिकांनी प्राथमिक शाळांचा खर्च सोसावा असे म्हटले. पण त्या शाळांचा कारभार संपूर्णपणे त्यांच्या हाती सोपविण्यास विरोध केला. शूद्रातिशूद्रांना आवाज नसलेल्या मंडळाच्या हाती त्यांची शाळा देणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.

मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा, १९४७ अन्वये स्थापन झालेल्या शहरी शिक्षण मंडळांचा इतिहासही हेच सांगतो. तेथे पालकाला मत नव्हते. सदस्य निवडीत नगरसेवकांचे बहुमत निर्णायक असे. सत्ताधारी पक्षाच्या नाराज कार्यकर्त्यांची सोय लावण्याचे ते ठिकाण बनले. गुजरातेत, बडोद्यासारख्या शहरांत, अशी समिती आजही आहे. महाराष्ट्रात गेल्या दशकात ही मंडळे गुंडाळण्यात आली. पण त्यांची सत्ता पालकांकडे आली नाही, ती प्रशासनाकडे गेली. सदोष प्रतिनिधित्वावरील उपाय म्हणजे प्रतिनिधित्वच नष्ट करणे नव्हे.

काही कॉम्रेड म्हणतात, निवडणूक घेतल्यास गावातील गटबाजी शाळेत शिरेल. गटबाजी शाळेत आजही आहे. ती फक्त बिनविरोध आहे. नावे उघडपणे सुचवून, चर्चा होऊन एकमत झाले तर त्याचे स्वागतच करावे. नावे न विचारता साधलेले एकमत हे बलिष्ठांचे मत असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शासन आपली जबाबदारी पालकांवर ढकलण्यासाठी आणि पालकांना शिक्षकांविरुद्ध उभे करण्यासाठी अशा समित्यांचा वापर करते, हे खरे आहे. परंतु वर्गणी गोळा करणारी समिती आणि शासनाकडे हिशेब मागणारी समिती यांतील फरक तीत कोण बसले आहे यावरच ठरतो. बाविसाव्या कलमान्वये शाळा विकास आराखडा समितीने तयार करावयाचा असतो व अनुदानाचा तोच आधार असतो. शिक्षकांची रिक्त पदे, गळकी छपरे, मुलींची स्वच्छतागृहे त्या आराखड्यात येणार की नाहीत, हा वर्गीय प्रश्न आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूहशाळांची टूम निघाली, तेव्हा वस्तीवरची शाळा वाचविण्यासाठी पालकांच्या ठरावाचे मोल किती, हे स्पष्ट झाले.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पालकांची यादी आणि सभेची सूचना आठवडाभर आधी फलकावर लागावी. सभा मजुरांच्या सवडीने, सायंकाळी वा सुटीच्या दिवशी व्हावी. इयत्तावार नावे मागवावीत व एकाहून अधिक नावे आल्यास गुप्त मतदान घ्यावे. इतिवृत्त जाहीर वाचले जावे. या कलमातून वगळलेल्या विनाअनुदानित खासगी शाळांनाही ते लागू करावे. तेथे शुल्क पालकाचे आणि सत्ता मालकाची, अशी स्थिती आहे.

किसान सभा, शेतमजूर संघटना, महिला आघाडी आणि शिक्षक संघटना यांनी हे काम एकत्रितपणे अंगावर घेतले पाहिजे. पुढील पालकसभेची तारीख प्रत्येक शाखेच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावी, आणि त्या सायंकाळी आपल्या वस्तीतील एकही आई घरी राहू नये, एवढी तयारी आपण आतापासून केली पाहिजे.