प्रभावाचा हिशेब : ऑलमन ब्रदर्स बँड आणि अमेरिकेची 'दक्षिण'

'प्रभाव' ही संकल्पना वर्गात शिकवताना आम्हा अध्यापकांपुढे एक नेहमीची अडचण उभी राहते. विद्यार्थी बहुधा दोनच उत्तरे घेऊन आलेले असतात. प्रभाव म्हणजे उसनवारी, म्हणून तो लेखकाचा उणेपणा. किंवा प्रभाव म्हणजे थोरांशी जडलेले नाते, म्हणून ते त्याचे भूषण. मर्ढेकर आणि एलियट यांची नावे शेजारी ठेवताना आपल्या समीक्षेनेही पुष्कळदा याच दोन टोकांमध्ये येरझारा घातल्या आहेत. दोन्ही उत्तरांमध्ये घेणाऱ्याचाच विचार आहे. ज्याच्याकडून घेतले तो कोण होता, त्याचे नाव पुढे राहिले की पुसले गेले, त्याच्या वाट्याला काय आले, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत.

साहित्यात हे प्रश्न अमूर्त राहू शकतात. लोकप्रिय संगीतात ते राहत नाहीत, कारण तिथे प्रभाव म्हणजे एका खोलीत बसून वाजवणारी माणसे असतात, ध्वनिमुद्रिकेवर छापलेली नावे असतात आणि त्या नावांच्या मागोमाग येणारे पैसे असतात. म्हणून या टिपणासाठी मी 'सदर्न रॉक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहातला आद्य मानला जाणारा बँड निवडला आहे. तो म्हणजे ऑलमन ब्रदर्स बँड.

हा बँड मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनविल येथे जमला आणि लवकरच जॉर्जियातल्या मेकन या गावी राहायला गेला. मूळ सदस्य सहा. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोन गिटारवादक. ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग हा गायक व ऑर्गनवादक. बेरी ओकली बास गिटारवर. आणि बुच ट्रक्स व जय जोहानी जोहान्सन ऊर्फ जेमो हे दोन ड्रमवादक. सहापैकी पाच गोरे आणि जेमो कृष्णवर्णीय. त्या वेळी जॉर्जियाच्या गव्हर्नरपदावर लेस्टर मॅडॉक्स होता. नागरी हक्क कायदा झाल्यावर कृष्णवर्णीयांना वाढण्यापेक्षा स्वतःचे उपाहारगृह बंद करणे ज्याने पत्करले, तो हा गृहस्थ. अशा राज्यात सहाजणांनी एका घरात राहणे आणि एका गाडीतून गावोगाव हिंडणे ही साधी बाब नव्हती. सुरुवातीच्या फाटक्या दिवसांत त्यांना पोटभर जेवू घातले ते मेकनमधल्या 'एच अँड एच' या खाणावळीने, आणि ती इनेझ हिल व लुईस हडसन या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांची होती.

या सहाजणांची यादी नीट वाचली तर तीच त्यांच्या संगीतावरील प्रभावांची यादी ठरते. ग्रेगच्या गळ्यामागे रे चार्ल्स आणि बॉबी ब्लँड होते. बेट्सच्या घरी ब्लूग्रास व कंट्रीचे वातावरण होते. तो लहानपणी उकुलेले वाजवू लागला आणि पुढे वेस्टर्न स्विंगमधल्या जोडफिडलींची चाल त्याने गिटारवर आणली. दोन गिटारींनी एकच धून दोन वेगळ्या स्वरांवरून बरोबरीने वाजवायची, ही या बँडची ओळख ठरलेली रीत या संस्कारातून घडली. ट्रक्सच्या वाट्याला गाडी पुढे रेटण्याचे काम होते. जेमो मिसिसिपीचा. ओटिस रेडिंगसारख्या सोल गायकांच्या ताफ्यात त्याने ड्रम वाजवले होते, पण त्याचा जीव जॅझमध्ये अडकलेला होता. माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या ध्वनिमुद्रिका त्यानेच ड्वेनला ऐकायला लावल्या. आणि ओकली? 'दक्षिणी' म्हणवल्या गेलेल्या या बँडचा बासवादक शिकागोत जन्मलेला, म्हणजे चक्क उत्तरेचा होता.

माइल्स-कोल्ट्रेनच्या श्रवणाचे फळ पाहायचे असेल तर 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' ही बेट्सची शब्दविरहित रचना ऐकावी. ती १९७० च्या 'आयडलवाइल्ड साउथ' या संचात प्रथम आली. स्वरांच्या जोडण्या झपाट्याने बदलत नेण्याऐवजी एका स्वरसमूहावर ठाण मांडून त्यातूनच विस्तार काढायचा, ही 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ च्या संचाने रुजवलेली पद्धत तिच्यात स्पष्ट दिसते. रागविस्ताराची सवय असलेल्या आपल्या कानांना ती परकी वाटू नये. रचनेचे नाव मात्र मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतल्या एका थडग्यावरून घेतलेले आहे. घडण न्यूयॉर्कच्या जॅझमधून आलेली आणि नाव गावातल्या मातीतून.

पण प्रभावाचा हिशेब म्हणजे काय हे समजण्यासाठी सर्वांत उपयोगी उदाहरण आहे 'स्टेट्सबोरो ब्लूज' हे. ते मूळचे ब्लाइंड विली मॅकटेल यांचे. मॅकटेल जॉर्जियाचे, दृष्टिहीन, बारा तारांच्या गिटारवर गाणारे कृष्णवर्णीय गायक. त्यांनी हे गाणे १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि १९५९ मध्ये ते वारले. त्यानंतर १९६८ मध्ये ताजमहाल हे नाव घेतलेल्या, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या कृष्णवर्णीय गायकाने ते आपल्या पहिल्या संचात नव्याने मांडले. त्यात तारेवर नळी घासत नेऊन वाजवलेली स्लाइड गिटार होती जेसी एड डेव्हिस या वादकाची. डेव्हिस ओक्लाहोमाचा, अमेरिकेच्या मूलनिवासी समाजातला. ग्रेगने पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, ड्वेन आजारी असताना वाढदिवसाच्या निमित्ताने त्याने भावाला दोन वस्तू आणून दिल्या. एक ताजमहालची ही ध्वनिमुद्रिका आणि दुसरी सर्दीवरच्या 'कोरिसिडिन' गोळ्यांची काचेची बाटली. ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या, बाटली धुऊन बोटात घातली आणि ते गाणे वाजवायला घेतले.

'स्टेट्सबोरो ब्लूज' हे जॉर्जियाचेच गाणे, आणि बँडही जॉर्जियात राहणारा. तरीही ते एका पिढीकडून दुसरीकडे वारशाने सरळ आलेले नाही. ते न्यूयॉर्क आणि ओक्लाहोमा असा वळसा घालून, एका काळ्या आणि एका मूलनिवासी कलावंताच्या हातातून, परत जॉर्जियात आले. प्रदेशाची 'अस्सल' परंपरा म्हणून आपण जे दाखवतो ते पुष्कळदा असेच बाहेरून फिरून आलेले असते. देशीयतेची चर्चा करताना आपणही हा वळसा लक्षात ठेवायला हवा. मूळ गावचे असणे आणि गावातून थेट मिळालेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या गाण्यानेच 'ॲट फिलमोर ईस्ट' हा त्यांचा सर्वांत गाजलेला संच सुरू होतो. मैफली मार्च १९७१ मधल्या, संच जुलैमधला. हा दक्षिणेच्या संगीताचा मानदंड मानला गेलेला संच न्यूयॉर्कच्या रंगमंदिरात वाजवलेला आहे, आणि त्याचा निर्माता टॉम डाउड हा रे चार्ल्स व कोल्ट्रेन यांचे ध्वनिमुद्रण केलेला न्यूयॉर्ककर होता. मूळ दुहेरी संचात सात रचना आहेत. त्यांतल्या चार परंपरेतून घेतलेल्या आहेत : मॅकटेल यांची, एल्मोर जेम्सच्या नावाशी जोडलेली, टी-बोन वॉकर यांची आणि विली कॉब्ज यांची. उरलेल्या तिनांत एक बेट्सची, एक सहाही जणांच्या नावावर असलेली आणि शेवटची ग्रेगची 'व्हिपिंग पोस्ट'. या शेवटच्या रचनेची सुरुवात तीन-तीन-तीन-दोन अशा अकरा मात्रांच्या आवर्तनात आहे. आपण अकरा मोजतो आहोत हे स्वतः ग्रेगला कळले नव्हते. ते ड्वेनने त्याच्या लक्षात आणून दिले. थोडक्यात, या संचात निम्म्याहून अधिक सामग्री दुसऱ्यांची आहे आणि ती दुसऱ्यांची म्हणूनच वाजवलेली आहे. मुखपृष्ठावर बँड आहे, तर मागच्या बाजूला सामान वाहणारे व मांडणारे सहकारी त्याच भिंतीपुढे बसलेले आहेत. नावे झाकण्याऐवजी ती दाखवण्याकडे या मंडळींचा कल होता, असे यावरून म्हणता येईल.

हे वेगळेपण त्या काळाच्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. इंग्लंडच्या लेड झेपलिनने १९६९ मध्ये जे गाणे गाजवले त्यात आपल्या ओळी आल्याचा दावा विली डिक्सन यांना १९८५ मध्ये न्यायालयात करावा लागला. १९८७ मध्ये तो तडजोडीने मिटला. ऐकणाऱ्याला दोन्ही बँडांवरचा ब्लूजचा प्रभाव सारखाच जाणवेल. फरक आहे तो त्या प्रभावाशी वागण्याच्या रीतीत. माझ्या मते प्रभावाच्या अभ्यासाचा खरा विषय ही वागणूक आहे. कोठून घेतले हे शोधून काढले की आपले काम संपले, असे आपण मानतो. घेतल्यावर काय केले, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नाव छापले म्हणून अन्याय फिटतो का? मॅकटेल यांना या कीर्तीतले काहीच पाहता आले नाही. काळ्यांनी घडवलेल्या संगीतावर मोठी तिकीटविक्री गोऱ्यांचीच झाली. बँडच्या अंतर्गत व्यवहारातही सारे उजळ नव्हते. १९८० मध्ये जेमोलाच बाहेर काढण्यात आले आणि १९८९ च्या पुनर्रचनेत तो परत आला. हे सर्व खरे आहे. ऑलमन मंडळींना संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. मात्र ओकली गेल्यावर त्याच्या जागी जेमोचा मित्र, मिसिसिपीचा कृष्णवर्णीय बासवादक लमार विल्यम्स आला, आणि १९७३ चा 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' हा खपाच्या यादीत पहिला आलेला संच त्या रचनेतच पुरा झाला, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल.

आता 'सदर्न रॉक' या नावाकडे. ग्रेगला ते कधीच पटले नाही. रॉक मुळात दक्षिणेतच जन्मले, तेव्हा त्याला पुन्हा 'दक्षिणी' म्हणणे ही द्विरुक्ती आहे, असे त्याचे म्हणणे होते. लिटल रिचर्ड मेकनचा, रेडिंग त्याच गावात वाढलेला, हे आठवले की त्याचा मुद्दा ध्यानात येतो. पण सत्तरच्या दशकात हे नाव बाजारात रूढ झाले आणि त्याबरोबर एक चित्रही : लांब केस, मोटारसायकल आणि यादवी युद्धातल्या गुलामगिरीच्या बाजूचा झेंडा. जॅक्सनविलच्याच लिनर्ड स्किनर्डने हा झेंडा रंगमंचावर मागे लावला. त्याच बँडच्या १९७४ च्या 'सेकंड हेल्पिंग' या संचात एका काल्पनिक कृष्णवर्णीय ब्लूज वादकाला आदराने वाहिलेले गाणे आहे. संगीत ऋण मान्य करीत होते आणि मागचा झेंडा ते नाकारत होता. अशा ठिकाणी 'दक्षिण' हा शब्द वर्णन करीत नाही. तो निवड करतो. गोऱ्या दक्षिणेला तो दर्शनी भागात बसवतो आणि मॅकटेल, हिल, हडसन, जेमो यांच्या दक्षिणेला मागच्या दाराने घरी पाठवतो. म्हणून हे नाव आपण लिहिताना निदान अवतरणचिन्हांत लिहावे, असे मला वाटते.

ड्वेन २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. वर्षभराने, ११ नोव्हेंबर १९७२ रोजी, ओकलीही तसाच गेला, जवळपास त्याच जागी आणि त्याच वयात. दोघांना रोझ हिलमध्येच शेजारी पुरले. दुसऱ्या पर्वात, १९९९ मध्ये, बुच ट्रक्सचा पुतण्या डेरेक बँडमध्ये आला. ड्वेनची स्लाइड ऐकतच तो वाढला. पण पुढे कॅलिफोर्नियातल्या अली अकबर महाविद्यालयात जाऊन त्याने उस्ताद अली अकबर खाँ यांचे संगीतही जवळून ऐकले आणि नुसरत फतेह अली खाँ यांच्या रचना आपल्या बँडमध्ये वाजवल्या. काचेच्या नळीने तारेवर स्वरांमधली वाट अखंड घासत जाणे आणि सरोदवरची मींड यांतले नाते त्याला कानांनी सापडले. कोणी त्याला 'दक्षिणी' म्हटले तर हे सारे कोठे ठेवायचे?

बँडची अखेरची मैफल ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कला झाली. बुच ट्रक्स आणि ग्रेग २०१७ मध्ये गेले. एप्रिल २०२४ मध्ये बेट्स गेल्यावर मूळ सहाजणांपैकी एकटा जेमो उरला. ज्याने ड्वेनच्या हाती कोल्ट्रेनची ध्वनिमुद्रिका दिली, त्याच्यापाशीच या बँडची स्मृती शेवटी येऊन थांबली. प्रभावाचा पाठ शिकवताना यापुढे मी विद्यार्थ्यांना एवढेच विचारीन म्हणतो : ही ओळ कोणाकडून आली ते सांगा, आणि मग त्या माणसाचे पुढे काय झाले, तेही शोधून आणा.