रिव्हेटमोजे

माणसाने सिगारेट पुन्हा धरली की लोक 'वाटलंच होतं' म्हणून सोडून देतात. छंदाचं तसं नाही. तो सुटला तर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही; पण वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा धरला, की घरचे, दारचे आणि त्या छंदातले जुनेजाणते असे तिघंही तपासणीला उभे राहतात.

घरच्यांचं मी समजू शकतो. पंचेचाळिशीतल्या बी.कॉम. माणसाने दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसून यावं आणि रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून प्लास्टिकचं लढाऊ विमान जोडत बसावं, हे दृश्य कुठल्याही संसारी बाईला दिलासा देणारं नाही. "या वयात लोक अथर्वशीर्ष म्हणतात हो," एवढंच आमची सौ. म्हणाली. दारचेही परवडले. शेजारचे आप्पा "नातवासाठी का?" असं विचारून गेले. (आमचे चिरंजीव अजून अकरावीत आहेत.) माझं भांडण आहे ते तिसऱ्यांशी.

इंग्रजीत यांना 'रिव्हेट काउंटर' म्हणतात. विमानाच्या किंवा रणगाड्याच्या पत्र्यावर जे रिव्हेट ठोकलेले असतात, ते मॉडेलवर बरोब्बर तितकेच आहेत की नाहीत हे मोजणारा इसम. मी त्यांचं मराठीत 'रिव्हेटमोजे' असं बारसं केलं आहे. पायातल्या मोज्यांत आणि यांच्यात फरक इतकाच, की पायातले निदान रात्री काढून ठेवता येतात.

मी छंद सोडला तेव्हा या धंद्याचं भांडवल काय होतं? गोंदाची एक ट्यूब, रंगाच्या तीन-चार चिमुकल्या डब्या, एक बारीक ब्रश आणि बाबांच्या दाढीच्या सामानातून लांबवलेलं ब्लेड. परत आलो तर रिव्हेटमोज्यांनी हातात ही भलीमोठी यादी ठेवली. एअरब्रश हवा. एअरब्रश म्हटला की कॉम्प्रेसर आला. किटमधली वैमानिकाची खुर्ची बाळबोध असते म्हणून रेझिनची वेगळी हवी. पट्ट्यांची बक्कलं पितळी पत्र्याची हवीत. ही बक्कलं एकदा फरशीवर पडली की थेट पुढच्या जन्मी सापडतात. आणि शेवटी, चिखल हवा! होय, चिखल. रणगाड्याच्या चाकांना लावायचा चिखल बाटलीत भरून विकतात आणि लोक तो परदेशातून मागवतात. महाराष्ट्रात! जुलै महिन्यात!

हे सगळं जमवता जमवता जोडायचं राहूनच जातं. आमच्यातल्या एका थोर रिव्हेटमोज्याचं कपाट मी पाहिलं आहे. तळापासून माळ्यापर्यंत न उघडलेली खोकी. एकाचंही विमान झालेलं नाही, कारण प्रत्येकाचा एकेक 'अचूक' भाग अजून यायचा आहे. आमच्या बँकेत याला थकीत खातं म्हणतात: रक्कम गुंतलेली, उत्पन्न शून्य आणि खातेदार हसतमुख.

बरं, ही अचूकता तरी कितपत अचूक? हिशेब हा माझा प्रांत आहे, तेव्हा तो मांडतोच. विमानांचं आवडतं माप १:७२. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. आता पाच मिलिमीटरच्या रिव्हेटला बहात्तरने भागा. ०.०७ मिलिमीटर आले. एका केसाची जाडी! डोळ्यांवर चाळिशी लावूनही जे दिसत नाही, ते हे लोक मोजतात. उलट, पत्र्यांचे सांधे दाखवायला मॉडेलवर ज्या रेघा कोरलेल्या असतात, त्यातली एखादी ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तर खऱ्या विमानात ती चौदा मिलिमीटरची फट झाली. त्यातून पाल जाईल. तिच्याविषयी मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ती रेघ 'सुबक' असते.

दुसरं उदाहरण घ्या. ६ जून १९४४ ला दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. आपल्याच तोफांनी आपलीच विमानं पाडू नयेत म्हणून त्यांच्यावर तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे मारायचा हुकूम सुटला, तोही अगदी आयत्या वेळी. मग काय, तळावरच्या पोरांनी मिळेल तो ब्रश, मिळेल तो झाडू घेऊन रातोरात पट्टे फासले. लहान विमानांवर पट्टा अठरा इंची असायचा. पण कुठे तो वाकडा गेला, कुठे ओघळला. आज हेच पट्टे मॉडेलवर ब्रशने मारा. रिव्हेटमोजे म्हणतील, "एअरब्रश नाही वाटतं तुमच्याकडे?" खरं विमान यांच्या स्पर्धेत उभं केलं, तर उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळायचं नाही.

रणगाडेवाल्यांचं तर १:३५ हे सोवळंच आहे. त्याचा जन्म कसा झाला? जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट काढलं. बॅटरीचे सेल पोटात मावले पाहिजेत, या हिशेबाने त्याचा आकार ठरला. मागाहून मोजलं, तर तो साधारण पस्तिसावा हिस्सा भरला. त्यावरच पुढे जगभराने रणगाडे, जीपगाड्या आणि सैनिक बेतले. म्हणजे ज्या मापाच्या नावाने अर्ध्या मिलिमीटरसाठी माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात, ते दोन सेलनी घालून दिलेलं आहे.

इथवर मी हसत होतो. पण मागे आमच्या महिन्याच्या मेळाव्यात एक सातवी-आठवीतला पोरगा आला. सोबत नॅट विमान. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या तळावर हल्ला होत असताना निर्मलजीत सिंग सेखों ज्या जातीच्या विमानातून सेबर विमानांवर तुटून पडले आणि कामी आले, ते. हवाई दलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. पोराने कुठेतरी ते वाचलं होतं. त्याला मिळालं ते किट ब्रिटिशांच्या दोन आसनी नॅटचं, तांबड्या रंगातलं. त्यावर त्याने स्वतः रंग देऊन, जरा गोलाकार चुकवत, आपली तिरंगी चक्रं काढली होती. एका रिव्हेटमोज्याने ते उचललं, उलटं केलं आणि म्हणाला, "हे भारताकडे नव्हतंच. याचं नाक लांब आहे, पंख मोठे आहेत. रेड ॲरोजचं आहे हे." टेबलावर ठेवून पुढे गेला.

त्याचा शब्द न् शब्द खरा होता, हे मला मान्य आहे. पण सेखोंचं नावसुद्धा त्याने घेतलं नाही. पुढचे दोन मेळावे पोरगा आलाच नाही.

१९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं करून मागितली होती. १:७२ मापाची, नुसती काळी रंगवलेली. आकाशातलं विमान मित्राचं की शत्रूचं, हे तोफेवरच्या माणसाला बाह्याकृतीवरून ओळखता यावं म्हणून. पाच लाखांत एकावरही रिव्हेट नव्हता, आणि ती पाहून शिकलेल्या माणसांचा जीव त्या ओळखण्यावर अवलंबून होता.

"म्हणजे काय वाटेल ते चिकटवायचं का?" असं रिव्हेटमोजे विचारतात. मुळीच नाही. मीही फोटो पाहतो, मापं काढतो. पण चूक सांगायची तर ती दुरुस्त कशी करायची हेही सांगा की. बँकेत सही जुळली नाही तर आम्ही चेक परत करतो खरा. पण कारण लिहून देतो, आणि गिऱ्हाइकाने पुन्हा येऊ नये अशी आमची इच्छा नसते. (निदान मॅनेजरची नसते.)

परवा त्या पोराला जिन्यात गाठलं. "काका, त्याचे पंख किती कापावे लागतील?" त्याने हळूच विचारलं. कागद काढून हिशेबच केला. दोन आसनीच्या पंखांचा पसारा ७.३२ मीटर, आपल्या नॅटचा पावणेसातच्या आसपास. फरकाला बहात्तरने भागलं, आठ मिलिमीटर आले. एकेका बाजूने चार. एवढ्याने काही ते हुबेहूब होणार नाही. पंखाची रुंदी, नाक, वरची काच अशी बरीच मंडळी रांगेत आहेत. रविवारी सकाळी आमच्याकडे कापाकापी आहे. रिव्हेटमोज्यांनी यायला हरकत नाही. चहा मिळेल, करवत आपापली आणावी.