पाकळ्या मोजू नका, अंतर मोजा

महामार्गावरचा एखादा चौक तुंबायला लागला की मागणी ठरलेली असते: इथे क्लोव्हरलीफ करा. सोबत आकाशातून काढलेला फोटो असतोच. चार हिरव्या पाकळ्या, मधोमध पूल, सिग्नल कुठेच नाही. सिग्नल नाही म्हणजे थांबणे नाही आणि थांबणे नाही म्हणजे कोंडी नाही, असा हा हिशेब. दिसायला चोख आहे, पण चुकलेला आहे.

कुठे चुकला ते आकाशातून दिसत नाही, पुलावरून दिसते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. क्लोव्हरलीफवर उजवीकडे जायचे तर आधी सरळ पूल ओलांडायचा, मग डावीकडच्या पाकळीत शिरून २७० अंशांचा फेरा घ्यायचा आणि आडव्या रस्त्याला लागायचे. आता तुमच्या मागून पाहा. तुम्ही ज्या पाकळीत शिरणार, तिच्या अलीकडची पाकळी पुलाच्या आधीच तुमच्या रस्त्यावर वाहने ओतत असते. फेऱ्यातून चाळीसच्या वेगाने बाहेर पडलेला मालाचा टेम्पो उजवीकडे सरकून वेग धरू पाहतो. त्याच वेळी ऐंशीने आलेली मोटार वेग कमी करत डावीकडे सरकत असते, कारण तिला पुढच्या पाकळीत शिरायचे असते. एक आत येणारा, एक बाहेर जाणारा, आणि दोघांनाही एकमेकांचीच जागा हवी. त्यासाठी मिळतो तो दोन पाकळ्यांमधला तोकडा पट्टा. अशा झुंजीच्या जागा चारही दिशांना मिळून चार. एका चौकातला सिग्नल काढला आणि त्याचे भांडण चार ठिकाणी वाटून दिले, एवढेच झाले.

‘मग पाकळ्या मोठ्या करा’ हा पुढचा युक्तिवाद. पाकळी मोठी केली की मधला पट्टा लांबतो, हे मान्य. पण जमीन वाढते आणि वळणाऱ्याचा फेराही वाढतो. शहराच्या वेशीवर एवढी जमीन द्यायला कोण बसले आहे? ‘एक लेन वाढवा’ म्हणणाऱ्यांना तर एवढेच सांगायचे: लेन रुंदी देते, इथे कमी पडते ती लांबी.

क्लोव्हरलीफ टाकाऊ आहे, असे माझे म्हणणे नाही. वळणारी वाहने थोडी असतील तिथे तो उत्तम चालतो. या रचनेचे पेटंट अमेरिकेत १९१६ साली आर्थर हेल यांनी घेतले आणि तिथला पहिला क्लोव्हरलीफ १९२९ साली न्यू जर्सीतल्या वुडब्रिजला खुला झाला. त्या काळच्या गर्दीला आणि वेगाला तो पुरला. आपल्याकडे चेन्नईचा कत्तिपारा २००८ साली पुरा झाला, तेव्हा त्याच्या आकाराचेच कौतुक फार झाले. आकार हा गुण कधीपासून झाला, कोण जाणे.

वाहतूक वाढली की उपाय दोन, आणि दोन्ही जुने, जगभर वापरलेले. पहिला, मुख्य रस्त्याला लागून दुभाजकापलीकडे वेगळा समांतर रस्ता. चढणे-उतरणे, पाकळीत शिरणे-निघणे, सगळे त्याच्यावर. झुंज तिथेही होते, पण कमी वेगात, आणि सरळ जाणाऱ्या ट्रकला तिची झळ लागत नाही. दुसरा, समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पाकळ्या काढून टाकायच्या आणि तिथली वळणे उड्डाण रॅम्पवरून न्यायची. उरलेल्या दोन तिरप्या समोरासमोर असल्या की एकाच रस्त्यावर लागोपाठ येत नाहीत आणि भांडण मुळातच मिटते. खर्च वाढतो, हे खरे. पण चारही पाकळ्या बांधून नंतर त्यातल्या दोन पाडायच्या, हे स्वस्त थोडेच आहे?

आता चालकांविषयी. ‘शेवटपर्यंत जाऊन घुसतो तो नालायक’ हे आपले लाडके मत. लेन संपत असेल आणि गर्दी तुंबलेली असेल, तर शेवटपर्यंत जाऊन आळीपाळीने, एक इकडची एक तिकडची, असे मिसळणेच बरोबर. जर्मनीत त्याला चेनची पद्धत म्हणतात आणि ती तिथल्या वाहतूक नियमांतच आहे. अर्धी लेन रिकामी ठेवून सगळे एकाच रांगेत उभे राहिले, तर रांग उगाच लांबते आणि मागचा चौकही अडवते. मात्र पाकळीत शिरणाऱ्यांची रांग टाळून सरळ लेनमधून पुढे जायचे आणि अगदी तोंडाशी ब्रेक मारून नाक खुपसायचे, याला मिसळणे म्हणत नाहीत. त्याने सरळ जाणारी सगळी लेन थांबते. या दोघांना एकच शिवी देऊ नये. आणि रॅम्प जिथे मिळतो नेमका तिथेच वडाप थांबवणाऱ्याला कुठलाच आराखडा पुरणार नाही.

तुमच्या गावाजवळ उद्या असा नकाशा भिंतीवर लागला, तर पाकळ्यांची संख्या विचारू नका. एकीतून निघणारा आणि दुसरीत शिरणारा यांच्यामध्ये किती मीटर आहेत, हे विचारा. आणि उत्तर लेखी मागा.