अंगणातलं गणित आणि आपला करंटेपणा

‘पंधरा ते आठ’ एवढं म्हटलं की ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला पुढचं काही सांगावं लागत नाही. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली ओळीमागे एकेक कमी करत आठपर्यंत. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. चिमटीतून रांगोळी सुटत जाते आणि जमिनीवर षटकोन उमटतो. त्यात ठिपके असतात १६९. आठच्या घनातून सातचा घन वजा केला, की नेमके एवढेच उरतात. हा योगायोग नव्हे. लहान ठोकळे रचून आठ-आठच्या बाजूंचा घन करा आणि तो कोपऱ्याच्या बाजूनं बघा. तिन्ही बाजूंचे जे ठोकळे दिसतात ते षटकोनातच मांडलेले असतात आणि मोजले तर १६९ भरतात. साठ अंशांतून फिरवली तरी तशीच राहणारी ही मांडणी ती बाई कोनमापकाशिवाय, नजरेच्या अंदाजानं उतरवते.

याला आपण काय म्हणतो? हौस. सणासुदीची सजावट. ‘मुलींना गणित जमत नाही’ असं बेधडक म्हणणारी माणसं याच रांगोळीला पाय लागू नये म्हणून जपून उंबरा ओलांडतात. ज्या समाजानं शतकानुशतकं बाईच्या हाती पाटी येऊ दिली नाही, १८४८ साली पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण फेकलं, त्यानं तिच्या बोटांतलं गणितही हिशेबात धरलं नाही. हा विसराळूपणा नव्हे. ही लूट आहे.

आणि ती बाईपुरती थांबलेली नाही. वेरूळचं कैलास लेणं अखंड कातळातून वरून खाली कोरत आणलं. चुकून जास्त दगड निघाला तर परत चिकटवता येत नाही. म्हणजे खालच्या हत्तींचं माप कळस कोरतानाच ठरलेलं असणार. ते कोरवून घेणारा राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला आपल्याला पाठ आहे. ते माप धरणारे पाथरवट कोण, हे विचारायची आपल्याला कधी गरजच वाटली नाही. सूत, ओळंबा आणि गुण्या ज्यांच्या हातात होते त्यांना पोथीपासून दूर ठेवलं, आणि पोथीवाल्यांनी छिन्नीला हात लावणं कमीपणाचं मानलं. याउलट, १५२५ साली न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूरर या चित्रकारानं भूमितीवर पुस्तक छापलं ते पंडितांच्या लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या जर्मनमध्ये. चित्रकारांबरोबर सोनार, पाथरवट, सुतार यांच्याही उपयोगी पडावं म्हणून. तिथला समाज फार उदार होता असं नाही. पण हातानं काम करणाऱ्याला भूमिती कळते, एवढं तरी त्या पुस्तकानं गृहीत धरलं.

आपल्याकडेही डोळे उघडे ठेवणारे निघाले. १९७०च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी तमिळ बायकांचे रांगोळीसारखे कोलम अभ्यासले, त्यांतल्या नियमांवरून चित्रांची गणिती व्याकरणं बांधली, आणि ते काम संगणकशास्त्रात गेलं. रोज दारात काढलं जाणारं कोलम त्यांना अभ्यासाच्या लायकीचं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आपल्या शाळा बघा. दहावीचं वर्ष आलं की चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत भूमितीचाही पेपर असतो, पण पालक विचारतात ते वाढीव गुणांचं. वर्गात प्रमेय घोकून घेतात. तेच प्रमेय सुताराच्या मुलाच्या घरी रोज वापरलं जातं, याची मास्तरांनाही दखल नसते. सुट्टीत बापाबरोबर देव्हाऱ्याची चौकट जुळवणारा मुलगा दोन्ही कर्णांना दोरी लावून बघतो; लांबी सारखी भरली की चौकट काटकोनात आली हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तोच मुलगा चाचणीत आयताच्या कर्णांवरच्या प्रश्नाला अडतो, नापास होतो आणि घरी येऊन सांगतो, ‘आपल्याला गणित येत नाही.’ हे वाक्य त्याच्या तोंडी आपण घातलं आहे.