‘पानी’ चूक की बरोबर?

भिलाईत सहावीच्या हिंदीच्या तासाला मी ‘पानी’ लिहिलं, पूर्ण गुण मिळाले. उन्हाळ्यात नागपूरला मराठीत ‘पानी’ म्हणालो, तर चारचौघांत ऐकावं लागलं, “पाणी म्हण, शुद्ध बोल.” माझे वडील विदर्भातून स्टील प्लांटच्या कामाला आले. घरात आम्ही पानीच पीत आलो. शब्द तोच, शुद्ध काय ते लाल पेनवाला ठरवतो.

त्याच वर्षी ‘मेरे पिताजी’ हा निबंध आला. मी भट्टीची धग आणि रात्रपाळी लिहिली. वहीत परत आल्या त्या फक्त मात्रांच्या चुका.

फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती जेमतेम चौदा वर्षांची होती. भाषेचा तास काय करू शकतो, याचा हा पुरावा आहे.

आपण घरातले पहिले पदवीधर. आपले आईबाप शाळेत गुरुजींपुढे हात जोडून उभे राहिले. आपण पालकसभेत बोललं पाहिजे. शुद्धलेखन जरूर शिकवा, नोकरीच्या अर्जाला ते लागतं. पण आधी पोरानं काय लिहिलंय, ते वाचा.

जय भीम!