शस्त्र गरिबाचे, परीक्षा राज्याची

शास्त्री नदी जेथे सागराला मिळते, तेथे जयगडचा किल्ला उभा आहे. आदिलशाही, संगमेश्वरचे नाईक, आंग्रे अशी अनेक सत्तांतरे पाहिलेला हा दुर्ग १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. त्याच्या बुरुजांवरचे शस्त्रबळ तेव्हाच संपले. मात्र या पंचक्रोशीत आजही दसऱ्याला कोयती-कुऱ्हाडीच्या शेजारी एखादी ठासणीची किंवा एकनळी बंदूक फुले वाहून पूजेला मांडलेली आढळते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांनी घेतलेली, वडिलांनी तेलपाणी करून जपलेली ही बंदूक नातवाच्या नावावर होताना मात्र कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात.

तोच नातू अमेरिकेतील दृश्ये पाहतो. शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातील सैन्यांनी निकालात काढलेली माकारोव्ह, टोकारेव्ह ही पिस्तुले तेथील बाजारात आली आणि नव्या पिस्तुलाच्या मानाने पुष्कळच कमी किमतीत विकली गेली. सामान्य कामगार ती विकत घेतो आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर चालवतो. मग आपल्याकडेच असे का नाही, हा प्रश्न तरुणाच्या मनात उभा राहतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

कायद्याच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. सैन्याच्या वापरातील ९ मि.मी.चे पिस्तूल भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि सामान्य नागरिकाला परदेशातून शस्त्र आणण्याची वाट १९८०च्या दशकातच बंद झाली. परिणामी येथे आधीपासून असलेले एखादे जुने विलायती पिस्तूल काही लाखांच्या घरात जाते. स्वसंरक्षणाचे साधन अशा रीतीने धनिकाच्या प्रतिष्ठेची वस्तू बनले आहे.

अमेरिकेचे अनुकरण हा यावरचा उपाय नव्हे. त्या देशात बंदुकीने वर्षाला चाळीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. संस्कार व शिस्त यांवाचून हाती आलेले स्वस्त शस्त्र प्रथम घरच्याच माणसाचा घात करते. परंतु शस्त्र बाळगू इच्छिणारा प्रत्येक नागरिक संशयितच, ही वृत्तीही भारतीय नाही. ती परकीय राजवटीचा वारसा आहे.

१८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत आलेल्या शस्त्र कायद्याने भारतीयाला परवान्याच्या बेडीत अडकवले आणि युरोपियनाला मोकळे सोडले. या भेदाबद्दल स्वातंत्र्यलढ्यातील सर्व प्रवाहांना चीड होती. अहिंसेचे उपासक गांधीजींनीही या कायद्याचा कठोर निषेध केला. नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा अधिकार काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांमध्ये नोंदवला गेला. त्याआधी १९०९ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली. त्यांतीलच एक याच जिल्ह्यातील खेड तालुक्याच्या अनंत कान्हेरेच्या हाती आले आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात जॅक्सनचा वध झाला. नि:शस्त्र केलेल्या राष्ट्राचा तो संताप होता.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने सामान्य माणसाची आठवण ठेवली. त्याचे तेरावे कलम सांगते की, खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा; ती पुरेशी नसेल तर अन्य गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असेही चौदावे कलम बजावते. गरिबाच्या शस्त्राला कायद्याने दिलेली ही मान्यता आहे. खोट कायद्याच्या अक्षरात नाही, ती अंमलात आहे.

निवडणुकीचेच उदाहरण घ्यावे. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, तेव्हा आंबा-काजूचा हंगाम होता. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा भात कापणीला आले होते. वानर आणि रानडुकरे यांना आचारसंहिता ठाऊक नसते. रानडुक्कर मारण्यास वनखात्याची अनुमती लागते, म्हणून शेतकऱ्याला बहुधा बार हवेतच काढायचा असतो. पण त्या आवाजावरच त्याचे वर्षाचे धान्य वाचते. परवानाधारकांकडून सरसकट शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही अनेक ठिकाणी निष्कलंक शेतकरी आणि गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेला गावगुंड यांना एकाच मजकुराची नोटीस जाते. ज्याच्याकडे गावठी कट्टा आहे, त्याला नोटीस येत नाही. कारण त्याची नोंदच कोठे नसते.

विश्वास टाकला म्हणजे अनर्थ होतो, असेही नाही. शेजारच्या कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडव समाजाला ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिची मुदत २०२९ पर्यंत वाढवली. हा समाज कैलपोळ्द या सणाला शस्त्रांची पूजा करतो आणि याच भूमीने देशाला फील्ड मार्शल करिअप्पा दिले. शस्त्र तेथे परंपरेच्या आणि समाजाच्या धाकात असते.

तेव्हा मागणी स्वस्त पिस्तुलांच्या बाजाराची नको, न्याय्य व्यवहाराची हवी. पीकरक्षणाच्या अर्जांवर ठरावीक मुदतीत निर्णय व्हावा, वारसाच्या नावे परवाना करताना अडवणूक होऊ नये आणि छाननी समितीने आपले काम हंगामापूर्वी करावे. समाजानेही आपला वाटा उचलला पाहिजे. साडेचार मि.मी. बोअरच्या, वीस ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई पिस्तुलास परवाना लागत नाही. तालुक्या-तालुक्यात अशा नेमबाजीची केंद्रे उभी राहिली, तर पिस्तुलाचे आकर्षण असलेल्या तरुणाला शिस्तीची वाट मिळेल. राही सरनोबत आणि पॅरिसचा कांस्यविजेता स्वप्नील कुसाळे यांच्या रूपाने कोल्हापूरने ती वाट दाखवलीच आहे. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली, त्यामागेही शिस्तबद्ध सामर्थ्याचाच विचार होता.

दसऱ्याला पूजलेली बंदूक आचारसंहितेच्या नावाखाली पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यात गंज खात पडते आणि तिचा धनी रात्रभर डबा बडवीत शेताची राखण करतो. राज्याने नागरिकावर टाकावयाच्या विश्वासाची कसोटी जयगडच्या त्या शेताच्या बांधावर लागते. स्वराज्यात तो विश्वास गरिबालाही परवडला पाहिजे.